तक्त्यावरचा ११३

आप्पा खुर्चीवर बसले आणि घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं. "ताई, आकडा वर चढतच नही. मंग पळालो."

पळालो म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. वय ५८, पारोळा तालुक्यात कापूस-मक्याची शेती, फेब्रुवारीत अँजिओप्लास्टी. मार्चपासून ते जळगावला माझ्याकडे व्यायामासाठी येतात. मी फिजिओथेरपिस्ट. लोकांना वाटतं, आम्ही पेशंटला चालवतो. खरं तर माझा निम्मा दिवस थांबवण्यात जातो. आयुष्यभर वावरात राबलेल्या माणसाला "हळू" हा शब्द पटत नाही.

पळताना छातीत काय झालं, विचारलं. "भरी उनं," म्हणाले, म्हणजे भरून आलं. बांधावर दोनदा बसले, बसल्यावर बरं वाटलं. श्रमाने येतं आणि विश्रांतीने जातं, असं छातीचं दुखणं ऐकलं की त्या दिवशी व्यायाम बंद. ईसीजी काढला, डॉक्टरांना फोन लावला. ईसीजी आधीसारखाच होता, तरी त्यांनी रात्रभर ठेवून घेतलं.

पळण्याचं कारण माझ्याच भिंतीवर होतं. तिथे व्यायाम करताना नाडी किती असावी याचा रंगीत तक्ता होता : २२० वजा वय, त्याचे ७० ते ८५ टक्के. आप्पांनी त्याचा फोटो काढून पुण्याच्या मुलाला पाठवला. मुलाने हिशेब केला, १६२ चे ७० टक्के म्हणजे ११३, आणि घड्याळात भरून दिला.

हे सूत्र १९७१ मध्ये फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखातून रूढ झालं. ती सरासरी आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत वीस ठोक्यांचा फरक सहज पडतो. आप्पा तर रोज मेटोप्रोलॉल घेतात. ही गोळी हृदयाची गती दाबूनच धरते, तेच तिचं काम. त्यांची बसलेली नाडी ५६. मार्चमध्ये गोळी चालू ठेवून घेतलेल्या स्ट्रेस टेस्टमध्ये, म्हणजे श्रम देऊन केलेल्या हृदयाच्या तपासणीत, दमून थांबले तेव्हा ११८. म्हणजे घड्याळ त्यांना रोज जवळपास शेवटच्या टोकाला पळवत होतं.

मी काढलेला हिशेब वेगळा होता. फिनलंडच्या कार्व्होनेनची १९५७ ची पद्धत : ११८ मधून ५६ वजा, उरले ६२, त्याचे ४० ते ६० टक्के पुन्हा ५६ मध्ये मिळवायचे. आले ८१ ते ९३. हे मी फाईलच्या मागे पेनाने लिहून दिलं होतं. छापील रंगीत तक्त्यापुढे माझं पेनाचं अक्षर टिकलं नाही, आणि तो तक्ता मीच लावला होता. हे मनातून जात नाही.

डिस्चार्जच्या वेळीही कुणी त्यांना सांगितलं नव्हतं की या गोळीने नाडी चढणार नाही. गोळ्यांच्या वेळा मात्र तीनदा समजावल्या. आमच्या क्षेत्राची ही जुनी खोड आहे, आणि मला तिचा राग येतो. घड्याळाचंही तसंच. पट्टा सैल, मनगट हलतं, नाडी वाचणारा त्याचा हिरवा उजेड भलतंच वाचतो. मी दोन बोटं ठेवून अर्धा मिनिट मोजते.

आठवड्याने पुन्हा स्ट्रेस टेस्ट झाली. ११० ला छाती भरली, ईसीजीही बदलला. अशा वेळी त्या आकड्याच्या निदान दहा ठोके खालीच राहायचं असतं. डॉक्टरांनी गोळी वाढवली, अँजिओग्राफीची तारीख दिली, तोवर सपाटीवर सावकाश चालायला परवानगी. डोस बदलला म्हणजे माझे ८१-९३ सुद्धा बाद. शिवाय एप्रिलचं ऊन : पारा ४२ वर गेला की रक्त कातडीकडे धावतं आणि तेवढ्याच चालीला नाडी जास्त पडते. म्हणून पहाटे साडेपाचलाच निघायचं ठरलं.

दम मोजायला मी आधी "बोलत बोलत चाला" असं सांगितलं होतं. पहाटे वावरात ते बोलणार कुणाशी? हे मी विचारलंच नव्हतं. आप्पा माळकरी आहेत. आता सांगितलंय, चालताना अभंग मोठ्याने म्हणा. ओळ मधेच तुटली की चाल कमी करा, छाती जड वाटली की जागीच थांबा आणि फोन करा.

भिंतीवरचा तक्ता मी आप्पा घड्याळ घेऊन आले त्याच संध्याकाळी उतरवला. काल काकूंचा फोन होता. ओट्यावरून त्यांना आप्पांचा आवाज ऐकू येतो म्हणाल्या, पार विहिरीपर्यंत.