स्वर्व्ह मॉड्यूलमधले वजन

मंगळवार, रात्री.

रोबोला स्वर्व्ह ड्राइव्ह द्यायचा म्हटले की प्रत्येक चाकामागे दोन मोटारी येतात, एक चाक पळवणारी आणि दुसरी त्याची दिशा वळवणारी. चार चाकांना आठ मोटारी होतात. रोबोकॉन या रोबोंच्या स्पर्धेत अलीकडच्या वर्षांत संघाच्या दोन्ही रोबोंचे मिळून वजन ५० किलोंच्या आत ठेवण्याची अट असल्यामुळे मॉड्यूलचा, म्हणजे एका चाकाच्या आणि त्याच्या मोटारी-गिअरांच्या संचाचा, एकेक ग्रॅम मोजूनच वापरावा लागतो.

वजन घटवायला आमच्या संघातल्या मुलांचा सारा भर मॉड्यूलच्या प्लेटी पोखरण्यावर आहे. १५० मिमी चौरस आणि ६ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट साधारण ३६५ ग्रॅम भरते. तिचा तिसरा हिस्सा काढून टाकला तरी १२० ग्रॅमच वाचतात, आणि पोखरणे चुकीच्या जागी झाले तर भार येताच प्लेट लवून गिअरचे दात एकमेकांपासून सरकतात. जाळीदार प्लेट फोटोत देखणी दिसते, हे मात्र खरे.

खरे वजन बेअरिंगमध्ये दडलेले आहे. वळणाऱ्या भागाला ५० मिमी बोअरचे (आतल्या भोकाचे) नेहमीचे ६०१० क्रमांकाचे बेअरिंग घेतले तर ते एकटेच सुमारे २६० ग्रॅम भरते. त्याच बोअरचे पातळ ६८१० अवघे ५२ ग्रॅमच्या आसपास आहे. पंचवीस किलोंच्या रोबोत एका चाकावर सहा-सात किलो भार येतो, आणि तो या पातळ बेअरिंगला काहीच नाही. प्रश्न आहे तो आडव्या धक्क्याचा, कारण धक्का जमिनीपाशी बसतो आणि बेअरिंग वर असते. म्हणून दोन ६८१० एकमेकांपासून अंतर ठेवून बसवायचे ठरवले. तरीही वजन निम्म्याहून कमीच राहते.

उद्यमबागेतल्या ज्या शॉपमध्ये आमचे टर्निंग (लेथवरचे काम) होते, तिथल्या मामांनी ड्रॉइंग बघताच हाउसिंगच्या बोअरवर, म्हणजे बेअरिंग ज्यात बसते त्या भोकावर, बोट ठेवले. "रिंग पातळ हाय की ही, बोअर टाइट ठेवलासा तर गोल ऱ्हात न्हाई बघा." त्यांचे म्हणणे रास्त आहे, कारण पातळ रिंग स्वतःचा आकार धरून राहत नाही, हाउसिंगचा घेते. हाउसिंगच्या बोअरचे माप त्यांच्या सांगण्याप्रमाणे किंचित सैल केले.

मोटारी दोन्ही वर, न वळणाऱ्या प्लेटीवर राहतील. त्यामुळे वायरी पिळवटत नाहीत आणि वळवायचा ऐवजही हलका होतो. मात्र चाकाची दिशा बदलताना बेव्हल गिअर (फिरणे काटकोनात वळवून चाकाला देणारे तिरप्या दातांचे गिअर) एकमेकांवरून फिरतात आणि चाक थोडे आपोआप सरकते. हे प्रोग्रॅममध्ये वजा करता येते, त्यासाठी लोखंड वाढवण्याचे कारण नाही.

दिशेचा मोठा गिअर डेलरिनचा (एका टणक प्लॅस्टिकचा) होईल, कारण पोलादाच्या तुलनेत तो साडेपाच पटींनी हलका आहे. बेव्हलची जोडी पोलादाचीच ठेवायची, कारण शेवटच्या टप्प्यावर टॉर्क (फिरवणारा जोर) सर्वांत जास्त असतो. मुले यावर पुन्हा वाद घालतील, पण बेव्हलच्या बाबतीत मी ऐकणार नाही.