गरम झाली की सेल्फ घेत नाही

आमची पिकअप 19 वर्षांची आहे. जुनं डिझेल इंजिन, पाच गिअर, मागच्या हौद्यात माझ्या नर्सरीची रोपं. सकाळी गार असताना चावी फिरवली की लगेच सुरू व्हायची. रोपं उतरवून पंधरा-वीस मिनिटांनी परत बसले की नुसतं 'टक्'. एकच आवाज, पुढे काही नाही. आठ-दहा वेळा चावी फिरवल्यावर मग एकदम सुरू, जणू काही झालंच नव्हतं. गॅरेजमध्ये नेली की तिथे मात्र प्रत्येक वेळी पहिल्या फटक्यात सुरू व्हायची.

आधी बॅटरी बदलली. चार दिवस बरे गेले आणि परत तेच. मग सेल्फ, म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिली गती देणारी मोटर, उतरवून नवा बसवला, त्यानेही फरक पडला नाही. दोन्ही खर्च अंदाजाने केले होते. गाडी अडली की दारात उन्हात उभी राहिलेली रोपं माना टाकतात, ते बघवत नाही. म्हणून ठरवलं, आता मोजल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही.

सगळ्यात आधी वही केली. कधी अडली, किती वेळ थांबली होती, इंजिन गरम की गार, आवाज कसला आला, सगळं लिहीत गेले. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या, त्यातल्या नऊ गरम इंजिनाच्या. सेल्फ फिरतोय पण इंजिन पेटत नाही, असं एकदाही झालं नव्हतं. तिथेच निम्मं काम हलकं झालं. सेल्फ फिरून इंजिन पेटलं नसतं, तर डिझेल, पाइपात शिरलेली हवा, पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड (वीज मिळाली तरच डिझेल सोडणारी झडप), गार इंजिन तापवणारे हीटर प्लग हे सगळं तपासावं लागलं असतं. आमच्याकडे सेल्फच फिरत नव्हता, म्हणजे प्रश्न विजेचा.

मग हेडलाइटची परीक्षा. गाडी अडली तेव्हा लाइट लावून चावी फिरवली. लाइट पार मंद झाले असते तर बॅटरीवर किंवा तिच्या टर्मिनलवर संशय घेतला असता. ते जवळपास तसेच राहिले. म्हणजे बॅटरीत दम होता, तो सेल्फपर्यंत पोचत नव्हता. आणि 'टक्' येतंय म्हणजे चावीकडून सेल्फवरच्या सोलेनॉइडला, म्हणजे मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचला, इशारा मिळत होता.

खरी खूण मिळाली ती अचानक. एकदा लागोपाठ सहा-सात वेळा चावी मारून बॉनेट उघडलं आणि आधारासाठी हात ठेवला तो अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलवर. इंजिनावर टेकतं त्या टोकाला ती चांगलीच कोमट लागली. इंजिनाची धग असेल म्हणून शेजारचा रबरी पाइप चाचपला, तो इतका गरम नव्हता. त्या बारीक तारेतून करंट जात होता. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, आणि तेवढ्या करंटला इंजिनाकडून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायला वाट हवी. ठरलेली वाट बंद असली की तो मिळेल त्या धातूतून घुसतो.

दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाला चावीवर बसवलं. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉप सोलेनॉइडची वायर काढलेली. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या घासून स्वच्छ केलेल्या धातूवर. "ताई, मारू का?" म्हणाला, मी हो म्हटलं, आणि काटा 2.8 व्होल्टवर गेला. तिथे 0.2 च्या आसपास यायला हवं होतं, म्हणजे बाकीचे व्होल्ट परतीच्या वाटेतच वाया जात होते. पॉझिटिव्ह बाजू तशीच मोजली, ती ठीक निघाली.

ही मोजणी चावी फिरवतानाच करायची असते, हे मी जीव तोडून सांगते. गाडी नुसती उभी असताना केबल सलग आहे का हे मल्टिमीटरच्या बीपवर तपासलं तर एक धागा शाबूत असला तरी बीप वाजतो. माझ्या नर्सरीतल्या पाइपसारखंच आहे ते. पाइप कुठेतरी मुडपलेला असला तरी नळ बंद असताना प्रेशर पूर्ण दिसतं, नळ सोडला की धार गळून पडते. बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसतात म्हणून मीही आधी निर्धास्त होते.

खात्रीसाठी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनाला लावलं. स्टॉप सोलेनॉइडची वायर परत जोडली. गरम इंजिन, आणि पहिल्या चावीत सुरू.

इंजिन आणि चेसिस (गाडीचा सांगाडा) यांच्यामधली अर्थिंगची पट्टी, म्हणजे करंटची ठरलेली परतीची वाट, खालून काढली. वरून काळी पण धड दिसत होती. लगजवळ, म्हणजे बोल्ट लागतो त्या टोकाच्या कडीजवळ, वाकवली तेव्हा विणलेल्या तारा भुग्यासारख्या गळल्या, आत हिरवा गंज. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, चेसिस हलत नाही, मधल्या पट्टीला रोज पीळ बसतो. बंद होताना इंजिन कधी कसं टेकतं त्यावर तुटलेले धागे कधी एकमेकांना लागायचे, कधी नाही. त्यात गरम सेल्फ आणि गरम तांबं करंटला जास्त अडवतात, म्हणून सकाळी निभायचं आणि दुपारी अडायचं.

नवी जाड पट्टी बसवली, दोन्ही टोकांचा रंग आणि गंज उजळ धातू दिसेपर्यंत घासून. आता चावी मारताना 0.15 व्होल्ट दिसतात. आणखी एक गोष्ट सुधारली: चालू इंजिनावर बॅटरीला पूर्वी 13.4 मिळायचे, आता 14.1 मिळतात. बॅटरी चार्ज करणाऱ्या आल्टरनेटरची परतीची वाटही तीच पट्टी होती, म्हणजे जुनी बॅटरी कायम अर्धपोटी राहत होती.

काढलेला सेल्फ धुऊन, कपड्यात गुंडाळून सीटमागे ठेवलाय. त्याचे ब्रश, म्हणजे मोटरच्या आत करंट पोचवणारे झिजणारे तुकडे, अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत.