तुम्ही विचारलंत म्हणून: प्रतिकारक मिरचीवर विषाणू येतोच कसा?

"पाकिटावर प्रतिकारक लिहिलं होतं, तरी झाडं गेली. मग तो जनुक करतो काय?" मिरचीच्या विषाणूंवर काम करणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: "सगळ्यांना पुरून उरेल असा एकच जनुक का घालत नाही?" दर वेळी तुकड्यातुकड्यांत उत्तर द्यावं लागतं आणि ते अर्धवट राहतं. आज सलग लिहितो.

आधी तुम्ही सांगा, विषाणू कोणता? पाकिटावरचं 'प्रतिकारक' एका विषाणूपुरतं, बऱ्याचदा त्याच्या ठरावीक प्रकारांपुरतं असतं. 'टीएम' म्हणजे तंबाखू मोझेकच्या कुळातले विषाणू. 'टीएम:०-२' असं छापलं असेल तर आत एल३ हा प्रतिकारक जनुक आहे, आणि पेपर माइल्ड मॉटल विषाणूचा पी१,२,३ हा प्रकार त्याला जुमानत नाही. त्यासाठी 'टीएम:०-३', म्हणजे एल४ लागतो. मावा पसरवतो तो बटाटा वाय विषाणू किंवा फुलकिडे पसरवतात तो टोमॅटो स्पॉटेड विल्ट, यांच्याशी या दोन्ही जनुकांचा काही संबंध नाही. तक्रार करणाऱ्या बऱ्याच जणांनी ही अक्षरं वाचलेलीच नसतात, हे मला बोलावंच लागतं. अर्थात ती कोणाच्या नजरेत भरतील अशी छापलेली नसतात, हेही तितकंच खरं.

एल हा ११व्या गुणसूत्रावरचा जनुक. त्याची रूपं मिरचीच्या वेगवेगळ्या जातींतून आली: एल१ नेहमीच्या ॲन्यूममधून, एल२ फ्रुटेसेन्समधून, एल३ चायनेन्समधून, एल४ चॅकोएन्समधून. चारही रूपं विषाणूचं आवरण-प्रथिन ओळखतात. ओळख पटली की त्या जागच्या पेशी मरतात, पानावर बारीक करडे ठिपके उठतात आणि विषाणू तिथेच कोंडला जातो. म्हणजे ते ठिपके दिसले तर जनुक काम करतोय. पण विषाणूने आवरण-प्रथिनातली एक-दोन अमिनो आम्लं बदलली की ओळख हुकते. एल३ला असाच चकवा मिळाला. एल४ला चकवणारा प्रकारही जपानमध्ये सापडलेला आहे.

उष्णतेची अडचण वेगळीच. स्पॉटेड विल्टला अडवणारा टीएसडब्ल्यू जनुक १०व्या गुणसूत्रावर आहे, तोही चायनेन्समधून आलेला. तापमान सतत ३२ अंशांच्या घरात राहिलं की तो ढिला पडतो. एल मालिकेतल्या रूपांनाही उष्णता कमी-जास्त बाधतेच. मग विषाणू ठिपक्यातून निसटून पुढे जातो आणि उशिरा जागी झालेली ओळख त्याच्या मागोमाग पेशी मारत जाते. खोडावर काळ्या रेघा, शेंडा करपलेला, पानं गळलेली. झाड साध्या वाणापेक्षाही वाईट दिसतं आणि लोक म्हणतात, जनुकानेच मारलं. त्या झाडापुरतं ते चूकही नाही.

बटाटा वाय विषाणूविरुद्धचा पीव्हीआर२ अगदी निराळ्या पद्धतीने चालतो. ४थ्या गुणसूत्रावरचा हा जनुक झाडाचं ईआयएफ४ई नावाचं प्रथिन बनवतो. झाड ते स्वतःची प्रथिनं तयार करायला वापरतं, आणि विषाणू आपलं व्हीपीजी प्रथिन त्यालाच जोडून घेतो. ईआयएफ४ईचा आकार थोडा बदललेला असेल तर व्हीपीजी नीट बसत नाही. ना ओळख, ना ठिपके. विषाणूला फक्त आधार मिळत नाही. म्हणूनच हा गुण अप्रभावी (रिसेसिव्ह) आहे: एक जुनं रूप उरलं तरी विषाणूचं भागतं. संकरित वाणात तो दोन्ही पालकांत असावाच लागतो. पेपर व्हेनल मॉटल विषाणूला अडवायचं तर सोबत पीव्हीआर६ही हवा, कारण तो विषाणू ईआयएफ४ईच्या भावंडावरही काम भागवतो. दोन अप्रभावी जनुक एकत्र हवेत, तर संकराच्या दुसऱ्या, म्हणजे एफ२ पिढीत १६त एक झाड मिळतं. निदान एक हाती लागण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ४७ झाडं तपासावी लागतात. तीन असतील तर १९१.

आता ज्या प्रयोगामुळे माझं बोलणं बदललं, त्याबद्दल. फ्रान्समधल्या अविन्यॉनच्या इन्रा संस्थेत आलँ पालोआ, बेन्वा मूरी आणि सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. पेरेनियल ही भारतातली लहान फळांची मिरची. तिच्यात पीव्हीआर२चं तिसरं रूप आहे. योलो वंडर ही मोठ्या फळांची ढोबळी, विषाणूला सहज बळी पडणारी. दोन्हीकडे मोठा जनुक हाच, पण एका बाजूला योलो वंडरसारखी पार्श्वभूमी, म्हणजे बाकीचे जनुक, आणि दुसऱ्या बाजूला पेरेनियलची, अशी झाडं घेतली. त्यांना बटाटा वाय विषाणूची लागण केली. योलो वंडरच्या पार्श्वभूमीत विषाणूने जनुकाला पुन्हा पुन्हा चकवलं. पेरेनियलच्या पार्श्वभूमीत तोच जनुक टिकला.

हे नीट लक्षात घ्या. हा जनुक चुकवायला व्हीपीजीतलं एक अमिनो आम्ल बदललं तरी पुरतं. तो बदल दोन्हीकडे सारखाच सोपा आहे. फरक पडला तो पेरेनियलमधल्या लहान लहान जनुकांमुळे. ते एकेकटे कोणालाच थांबवत नाहीत. विषाणूची वाढ मंदावतात, एका पानातून दुसऱ्यात पोचणाऱ्या कणांची संख्या घटवतात. कण कमी बनले की नेमका तो बदल घडण्याची संधी कमी. घडलाच, तरी वाटेतल्या गाळणीतून तोच कण पार होईल याची शाश्वती नाही.

आणि आपण पैदासकार काय करतो? मोठा जनुक घेतो, सहा वेळा मूळ वाणाशी बॅकक्रॉस, म्हणजे फिरून संकर करतो, ९९.२ टक्के मूळ वाण परत मिळवतो. फळ सुबक येतं, डीएनएमधली खूण म्हणजे मार्कर जनुक दाखवतो, आणि त्याला टिकवणारी सगळी पार्श्वभूमी मागे राहते. मार्कर त्या लहान जनुकांबद्दल अवाक्षर काढत नाही.

यावर पूर्वीचा मी लगेच आक्षेप घेईन: लहान फळ, तिखटपणा, उशिरा येणारं पीक हे सगळं त्याच पार्श्वभूमीबरोबर येतं, ते कोण लावणार? आणि पीव्हीआर४चं काय? क्रिओल्यो दे मोरेलोस ३३४ या मिरचीतला तो प्रभावी जनुक. त्याला चुकवणारा बदल विषाणूला स्वतःलाच इतका महाग पडतो की तो फारसा पसरत नाही. मग असाच एक भक्कम जनुक शोधावा, पार्श्वभूमीची उठाठेव कशाला? या आक्षेपाचं पुरं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच म्हणेन, की सगळ्या विषाणूंसाठी असे जनुक सापडलेले नाहीत. शिवाय पीव्हीआर४ आणि टीएसडब्ल्यू १०व्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी, पण वेगवेगळ्या पालकांतून येतात. एकाच धाग्यावर दोन्ही आणायचे तर गुणसूत्राच्या तुकड्यांची दुर्मीळ अदलाबदल झालेलं झाड शोधत बसावं लागतं.

चाचणीतही घोळ होतात. बाधित पानं एका ग्रॅमला दहा मिली फॉस्फेट बफर या प्रमाणात थंड खलात वाटायची, ६०० मेशची खरखरीत कार्बोरंडम पूड भुरभुरून तो रस बीजपत्रांवर आणि पहिल्या दोन पानांवर हलक्या हाताने चोळायचा, पानं लगेच पाण्याने धुवायची. जोर जास्त लागला तर पान भाजल्यासारखं होतं, कमी लागला तर लागणच होत नाही आणि झाड खोटं प्रतिकारक ठरतं. म्हणून प्रत्येक ट्रेमध्ये योलो वंडर हवीच. ती सगळी बाधली नाही तर तो ट्रे रद्द. तीन-चार आठवड्यांनी एलायझा (विषाणू शोधणारी चाचणी) करायची ती वर आलेल्या कोवळ्या पानांवर, चोळलेल्या पानांवर नव्हे. एल आणि टीएसडब्ल्यूसाठी एक संच २४ अंशांना आणि एक ३२ला.

चुरडा-मुरड्याला, म्हणजे पानं आकसणाऱ्या रोगाला, ही पद्धत चालत नाही. तो विषाणू रस चोळून सहसा लागत नाही, पांढरी माशीच सोडावी लागते. आधी तो विषाणूच आहे ना, हे बघा: फुलकिड्यांनी पान वर वळतं, कोळ्यांनी खाली वळून देठ लांबतो, विषाणूत पान वर वळण्याबरोबर शिरा जाड होतात आणि पान सुरकुततं. त्याच्या कुळातल्या पिवळ्या पर्णगुच्छ विषाणूविरुद्ध पेपी-१ हा जनुक २०२१ साली ओळखला गेला. तो पेलोटा नावाच्या प्रथिनाचा, टोमॅटोतल्या टीवाय-५ या जनुकाचा भाऊबंद, आणि तोही अप्रभावी. म्हणजे पुन्हा दोन्ही पालक. तो मोठ्या फळाच्या मिरचीत नेताना सहाव्या बॅकक्रॉसपर्यंत जावं, की तिसऱ्यालाच थांबून माश्या सोडून निवड करावी? मी तिसऱ्याला थांबेन. त्यात फळाच्या आकाराचा हिशेब कसा जुळवायचा, ते अजून मला जमलेलं नाही.