तोच कशावरून?

काल संध्याकाळी ओट्यावर बसले होते. शेजारचा चौथीतला मुलगा चेंडू शोधत आला आणि भिंतीवर गाणाऱ्या दयाळ पक्ष्याकडे बघून म्हणाला, "आजी, हा तोच दयाळ कशावरून?"

म्हटलं, "अरे, सात वर्षं बघतेय मी."

"पण त्याच्यावर नाव कुठे लिहिलंय?" म्हणाला, आणि चेंडू घेऊन पसार. त्याला उत्तर नकोच होतं. झोप माझी गेली.

रात्री पक्ष्यांच्या नोंदींच्या वह्या काढल्या. पानोपानी 'आमचा दयाळ'. आमचा आंघोळीला आला, आमच्याने दुसऱ्याला डिशवरून हुसकलं. खूण काय लिहिलीय? उजव्या पंखावरच्या पांढऱ्या पट्ट्याला खाच. अगं बाई, पिसं दरवर्षी गळतात, नवी येतात, हे तूच पुढच्या पानावर लिहिलंयस! दुसरी खूण, गाण्याच्या शेवटी शिंपी पक्ष्याची नक्कल. दयाळ नकला करतातच. एकाची दुसऱ्यानं उचलली असेल. त्यातून हिवाळाभर हा जवळजवळ मुका, कुंपणात नुसतं चर्र चर्र. फेब्रुवारीअखेर कंठ फुटला की मी लिहिते, 'आला!' कोण आला?

कॉलेजात हे शिकले असते तर पहिल्याच वर्षी कोणीतरी टोकलं असतं. मला टोकायला चौथीतला मुलगा यावा लागला. इंदूरच्या सिरपूर तलावावर पक्षी बघायला येणारे ते मोठ्या लेन्सवाले लॅटिन नावं फेकतात तेव्हा मी आपली पदराशी चाळा करत उभी. हे असते तर... जाऊ दे.

मार्गारेट नाइस बाईंचं मला फार कौतुक. अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला, घराजवळच्याच रानात त्यांनी साँग स्पॅरो नावाचे चिमणीसारखे पक्षी अभ्यासले. पद नाही, पगार नाही, घरात मुली. पण बाई पक्की! पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी घातली. म्हणून '४एम' नावाचा नर त्यांना वर्षानुवर्षं ओळखता आला. १९३५ च्या मे महिन्यात अख्खा दिवस बसून त्याची गाणी मोजली, २३०५. हे वाचलं तेव्हा मी आनंदानं उड्या मारल्या होत्या. तिच्या पक्ष्याच्या पायात कडं होतं, एवढं मात्र सोयीस्करपणे विसरले. आपल्याकडे परवान्याशिवाय पक्षी पकडता येत नाही. बरंच आहे. माझ्या थरथरत्या हातात त्याचं काय झालं असतं देव जाणे.

खोडरबर घेऊन 'आमचा' पुसायला बसले. तीन पानांत कंटाळले. मग वाटलं, पोस्टमन किती बदलले या गल्लीत, आपण म्हणतो 'आमचा पोस्टमन'च. पहिल्या वहीच्या आतल्या बाजूला लिहून टाकलं: 'आमचा म्हणजे त्या वर्षी मागच्या भिंतीवर गाणारा.' तारखा आणि वेळा तरी खऱ्या आहेत. गाणं कुठल्या वर्षी कोणत्या दिवशी सुरू झालं, ते माझ्याकडे आहे, लेन्सवाल्यांकडे नाही.

आज पहाटे चहा घेऊन मागच्या दारात बसले आणि मोजायला लागले. दहा झाले की एक रेघ. ८७ पर्यंत आले आणि कोपऱ्यावरून कचरागाडी गाणं वाजवत आली. हा गप्प. उडून चिंचेत गेला, दिसेना. ओला-सुका डबा रिकामा करून परत आले तेवढ्यात भिंतीवर गाणं सुरू झालेलं.

पेन्सिल उचलली. ८८.