गाणं संपल्यावरची बोटभर जागा

दुपारी चारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरकं आत येतं, तेव्हा रेकॉर्ड वाचायला घ्यावी. ऐकायला नव्हे, वाचायला. ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही आणि मोबाइलचा टॉर्च उलटून डोळ्यांवरच येतो. उन्हात मात्र रेकॉर्ड दोन तळव्यांमध्ये कडेने धरून जराशी कलती केली, की शेवटचं गाणं आणि लेबल यांच्यामधल्या बोटभर काळ्या पट्टीत अक्षरं दिसायला लागतात. स्टीलची वाटी आपण अशीच तिरकी करून बघतो, ही कुणाच्या लग्नातली ते.

भांड्यांवर नाव घालून घेणं हा लहानपणी एक कार्यक्रमच असायचा. दुकानाच्या ओट्यावर मशीन घेऊन बसलेला माणूस टर्रर्र करत टिंबाटिंबांनी अक्षरं काढायचा, आणि घरी आल्यावर कुणाच्या तरी लक्षात यायचं की तारीख चुकली. चुकली तर चुकली. पन्नास वर्षांनी त्या वाटीची ओळख त्या चुकीवरूनच पटते.

रेकॉर्डचंही तसंच. लंडनच्या पश्चिमेला हेज इथे ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा कारखाना होता. पार्लोफोन आणि कोलंबिया ही दोन्ही नावं तिचीच, त्यामुळे बीटल्स, हॉलीज, ॲनिमल्स, जेरी अँड द पेसमेकर्स हे साठच्या दशकातले ब्रिटिश बँड सगळे एकाच दारातून बाहेर पडले. तिथली रेकॉर्ड वाचायची पद्धत ठरलेली आहे. लेबलाबाहेर कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या बाजूच्या मूळ तबकडीचा क्रमांक, घड्याळातल्या सहाच्या जागी आणायचा. एलपी, म्हणजे बऱ्याच गाण्यांची मोठी रेकॉर्ड, मोनो असेल तर तो एक्सईएक्सने सुरू होतो, स्टीरिओ असेल तर वायईएक्सने. नंबराच्या शेपटीला एक, दोन, तीन असा आकडा असतो, ती मूळ कोरलेली तबकडी कितवी ते सांगणारा. मग नऊच्या जागी एक आकडा शोधायचा, तो ‘मदर’चा. आणि तीनच्या जागी एक-दोन-तीन अक्षरं, ती स्टँपरची.

मदर आणि स्टँपर म्हणजे रेकॉर्ड बनवण्याचे साचे. लॅकरचा थर दिलेली तबकडी कोरायची, तिच्यावर धातू चढवून उलटा साचा काढायचा, त्यावरून सुलटी मदर, मदरवरून पुन्हा उलटे स्टँपर, आणि दोन बाजूंना दोन स्टँपर लावून मधे विनाइलचा गरम गोळा दाबायचा. स्टँपर काही शे, फार तर हजारभर रेकॉर्डींनंतर झिजतो, म्हणून ते मोजावे लागत. मोजायला हेजवाल्यांनी आकडे वापरले नाहीत. ग्रामोफोन लिमिटेड हे कंपनीचं नाव आखडून त्याची दहा अक्षरं केली: जी म्हणजे एक, आर दोन, ए तीन, एम चार, ओ पाच, पी सहा, एच सात, एल आठ, टी नऊ आणि डी शून्य. ‘जीओ’ दिसलं की पंधरावा स्टँपर, ‘आरडी’ म्हणजे विसावा. जुने कापडवाले खरेदीचा भाव चिठ्ठीवर असाच अक्षरांत लिहायचे, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. डेक्का ही दुसरी कंपनी, तिचा कारखाना न्यू माल्डनला. रोलिंग स्टोन्स, झॉम्बीज त्यांच्याकडे. त्यांनी त्याच कामासाठी बकिंगहॅम हा शब्द घेतला. त्यातही दहा अक्षरं, एकही पुन्हा येत नाही. हा शब्द ज्याला सुचला त्याचा त्या दिवशी चहा तरी झाला असेल का, कोण जाणे.

इथे एक जुनी तक्रार नोंदवायलाच हवी. नंबराच्या शेपटीला १ दिसला की विकणारा ‘पहिली आवृत्ती’ म्हणून मोकळा होतो. मूळ तबकडी चांगली टिकली तर तिच्यापासून निघालेले साचे वर्षानुवर्षं वापरात असत. १९६३च्या एलपीची १९६८मध्ये दाबलेली प्रतही शेपटीला १ असलेलीच निघू शकते. उलट मागणी जोराची असेल तर पहिल्याच आठवड्यात दोन-तीन कोरीव तबकड्या एकदम कामाला लागत. पट्टी लेबलाबरोबर वाचायची. पार्लोफोनच्या ‘प्लीज प्लीज मी’ची पहिली लेबलं काळी, त्यावर सोनेरी अक्षरं, आणि बीटल्सच्या स्वतःच्या गाण्यांखाली प्रकाशक म्हणून डिक जेम्स. लगेचच त्या जागी नॉर्दर्न साँग्ज आलं आणि काही आठवड्यांत लेबलच काळं-पिवळं झालं. पिवळ्या लेबलाच्या कडेची बारीक ओळ ‘द पार्लोफोन कंपनी’ने सुरू होते की ‘द ग्रामोफोन कंपनी’ने, ते भिंगातून पाहावं. ग्रामोफोन असेल तर ती साधारण १९६५च्या नंतरची. लेबलावर दाबून उठवलेलं ‘केटी’ असेल, तर ते खरेदीकराचं चिन्ह. सरकारी कर वसूल झाल्याची खूण आज प्रत जुनी असल्याचा दाखला म्हणून मिरवते. कर भरणाऱ्याला तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर त्याला काय वाटलं असतं!

शेपटीचा १ खरोखर मोलाचा ठरतो अशा जागा मोजक्या. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’च्या मोनो प्रतीत दुसऱ्या बाजूला एक्सईएक्स ६०६-१ असेल, तर शेवटच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’चं वेगळंच मिश्रण ऐकू येतं. रेकॉर्ड दाबायला सुरुवात झाल्यावर बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचं मन बदललं आणि साचा बदलला गेला, पण तोवर काही प्रती निघून गेल्या होत्या. घाईघाईत लोक पहिल्या बाजूचा ६०५ बघून परत ठेवतात. दुसरी बाजू बघावी. बीटल्सच्याच ‘रबर सोल’ची शेपटीला १ असलेली मोनो प्रत संग्राहकांमध्ये ‘लाऊड कट’ म्हणून ओळखली जाते. चर इतके जोरकस कोरले गेले की घरोघरच्या स्वस्त प्लेअरवर सुई उडेल अशी धास्ती वाटली आणि पुढची तबकडी बेताने कोरली. ऐकल्यावर बाकीच्या प्रती अंगावर शाल घेऊन गातायत असं वाटतं.

पट्टी नीट वाचली तरी फसगत टळत नाही. चकचकीत, एक ओरखडा नाही, आणि सुई ठेवली की भजी तळल्याचा आवाज. कारण सोपं आहे. डान्सेटसारख्या त्या काळच्या पेटीवजा प्लेअरच्या सुईचा भार आजच्या कितीतरी पट. आज आपण दीड-दोन ग्रॅम लावतो, तेव्हा पाच-सहा ग्रॅम म्हणजे हलका हात. झीज चराच्या भिंतींवर होते, पृष्ठभागावर नाही, म्हणून ती वरून दिसत नाही. तिरक्या उन्हात मात्र झिजलेल्या गाण्यावर राखेसारखी करडी झाक येते. ती आधी शोधायची शेवटच्या गाण्यावर. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर चर सरकतो, आत लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा, तर आधी फाटणार तोच. ‘प्लीज प्लीज मी’वर नेमकं ‘ट्विस्ट अँड शाउट’ शेवटी आहे. ११ फेब्रुवारी १९६३ला, दिवसभर गाऊन घसा बसत आल्यावर, जॉन लेननने ते सगळ्यात शेवटी म्हटलं. म्हणजे एलपीवरची सगळ्यात मोठी किंकाळी सगळ्यात अडचणीच्या जागी, आणि पोरांनी पुन्हा पुन्हा लावलेलंही तेच. विकत घेताना आधी तिथे सुई टेकवावी. ते चाललं तर बाकीचं बहुधा चालतंच.

झिजलेल्या मोनो प्रतीवर एक उपाय कधीकधी लागू पडतो. आजची गोल टोकाची सुई साधारण १८ मायक्रॉनची असते, त्या काळची मोनो सुई २५ची. जाड सुई चरात जरा वर बसते, जुन्या सुईने खरवडलेल्या भागाला थोडी टाळून जाते. शिवाय ॲम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दाबावं. मोनो चरातलं संगीत आडवं असतं, उभ्या हालचालीत येते ती बहुतेक खरखर, आणि ती निघून जाते. धुवायला डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, आणि हात गोल, चराच्या दिशेने. लेबलावर पाणी जाऊ द्यायचं नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने विसळून उभी वाळवायची. नळाच्या पाण्यातला क्षार चरात सुकून बसला तर भज्यांचा घाणा नव्याने सुरू.

आणि स्पिरिट वापरायचं तर ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डवर चुकूनही नाही, लाखेचा पृष्ठभाग विरघळतो. हे सांगायचं कारण म्हणजे दमदम. ब्रिटनमध्ये ७८ संपून गेल्या, तरी कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बीटल्सच्या ७८ निघत होत्या. आपल्याकडे घरोघरी चावीचे ग्रामोफोन होते, विजेचा भरवसा नव्हता. लिव्हरपूलच्या मर्सी नदीकाठचं संगीत मिनिटाला ७८ फेऱ्यांवर, चावी भरून. आज इंग्लंडातले संग्राहक त्या तबकड्यांसाठी पैसे मोजतात, आणि चोरबाजारात एखादी निघालीच तर ती हमखास तडकलेली असते.

सिंगल्सचं, म्हणजे एका बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्डींचं, वेगळं दुखणं. मधलं भोक लहान, आणि त्याभोवती चार काड्यांवर तोललेली चकती. ज्यूकबॉक्सला मोठं भोक लागतं म्हणून ती काढून टाकत. ती गेली की किंमत उतरते. लेबलावर बॉलपेनने नाव असेल तर आणखी उतरते. नाव लिहायचं कारण उघड आहे. शनिवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, प्रत्येकीने आपापली दहा-बारा सिंगल्स आणायची, रात्री ती एकमेकींत मिसळायची. घरच्या कार्यात गेलेली पातेली परत यावीत म्हणून आपणही नाव घालतोच. संग्राहकांच्या प्रतवारीत त्याला ‘लेबलावर लिखाण’ म्हणतात आणि एक पायरी खाली उतरवतात. वर निळ्या शाईत ‘आयलीन, हात लावू नका’ असं असलं तरीही.

ही कोरी पट्टी खरं तर कोरीच असायची, सुईला लेबलाजवळ नेऊन सोडण्यापुरती. १९६७च्या ‘सार्जंट पेपर’वर बीटल्सनी तीही सोडली नाही. ब्रिटिश प्रतीत शेवटचा पियानोचा सूर विझल्यावर आधी एक इतका बारीक स्वर आहे की तो कुत्र्यांनाच ऐकू यावा, आणि मग सर्वांत आतल्या बंद चरात दोन सेकंदांची निरर्थक बडबड. अमेरिकन आवृत्तीत ते नव्हतंच. ज्या प्लेअरचा हात आपोआप उचलला जातो त्यावर ती बडबड क्षणभर येऊन जाते. हाताने उचलायच्या प्लेअरवर मात्र चर बंद असल्यामुळे सुई तिथेच गोल फिरत राहते, एक फेरा १.८ सेकंदांचा, पुन्हा तेच, पुन्हा तेच. ऊन भिंतीवरून खाली उतरतं, भिंग मांडीवर पडलेलं असतं, आणि आतल्या खोलीतून आवाज येतो, अहो, उठा, अडकलंय ते.