मुठा मेलीये का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी पुण्याच्या मुठा नदीवर पीएचडी केली हे कळलं की लग्नात, सोसायटीच्या मीटिंगला, अगदी रिक्षातसुद्धा एकच प्रश्न येतो, "मॅडम, आपली मुठा मेलीये का हो? एका शब्दात सांगा." मी दरवेळी "तसं नसतं हो ते" म्हणून विषय बदलते, मग समोरच्याला वाटतं हिला सांगायचं नाहीये नाहीतर हिलाच माहीत नाही. म्हणून आता एकदा लिहूनच टाकते.

जलपर्णी, सांडपाणी, वास हे सगळं तुम्ही रोज पुलावरून बघता, ते सोडते. पण 'मेली' म्हटलं की मला राग येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या कर्नल साइक्सने 1839 मध्ये खुदरी, म्हणजे आपला महासीर मासा, पहिल्यांदा शास्त्रात नोंदवला तो ह्याच मुळा-मुठेतला, पुण्याच्या पूर्वेकडचा. मेली म्हणून टाकलं की कोणी काही करायचं उरतच नाही.

माझं काम किड्यांवर. टेमघर धरणाच्या वरच्या ओढ्यांमध्ये दगड उलटा केला की कॅडिसफ्लाय नावाच्या नाजूक किड्याच्या अळ्या दिसतात, तोंडातून निघणाऱ्या रेशमाने वाळूचे कण चिकटवून केलेलं तांदळाएवढं घर घेऊन बसलेल्या. शहराच्या खाली गाळात हात घातला की लालभडक अळ्या. त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं म्हणून लाल, आणि म्हणूनच जिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो तिथेही तग धरतात. प्रत्येक कुळाला मार्क असतात, नाजूक किड्यांना 10, गाळातल्या कृमींना 1, आणि बेरजेवरून नदीची तब्येत कळते. बाटलीतलं पाणी त्या मिनिटाचं सांगतं, किडे महिन्यांचं सांगतात, हे मी ज्युनियर्सना शिकवायचे. स्वतः मात्र ऐकलं नाही.

पहिलं पूर्ण वर्ष मी मुळा-मुठेच्या संगमाच्या खालच्या बाजूला दुपारी सॅम्पल घेतलं. लॅब 10 ला उघडायची, बाटल्या-केमिकल घेऊन दोन बस बदलायच्या, एकटी मुलगी अंधारात नदीवर कशी जाणार, कारणं होती आणि खरी होती. दुपारी ऑक्सिजन चांगला यायचा, आंघोळीच्या पाण्याला लिटरला किमान 5 मिलिग्रॅम लागतो, तेवढा बऱ्याचदा असायचा. गाळात मात्र फक्त लाल अळ्या. मी लिहिलं की तळ चिखलाचा असल्यामुळे बाकीचे किडे नसावेत. आज वाचलं की वाटतं, अगं, समोर लाल अळ्या ओरडून सांगत होत्या आणि तू बाटलीवर विश्वास ठेवलास, कारण बाटलीतून आकडा येतो.

तिथे एक भोई काका ट्यूबवर बसून जाळं टाकायचे. एकदा म्हणाले, "पोरी, तू रोज जेवायच्या टायमाला येतीस. पहाटं ये की. मासं पहाटं त्वांड वर काढत्यात."

एप्रिल होता. दादाला उठवलं, बाइकवर बसून 5 च्या आत पोचलो. टॉर्चच्या उजेडात 300 मिलीची बाटली बुडवली, बुडबुडा राहू न देता बूच लावलं, मग मँगनीज सल्फेट 2 मिली, त्यावर अल्कली आयोडाइड-अझाइड 2 मिली. पाण्यात ऑक्सिजन असला की तपकिरी चोथा खाली बसतो, वर्षभर तोच बघितला होता. त्या दिवशी पांढरा बसला. हलवून पुन्हा ठेवली, पांढराच. दुसरी बाटली भरली, तीही पांढरी. केमिकल खराब निघू दे असं मी खरंच मनात म्हणत होते. पांढरा म्हणजे ऑक्सिजन नाहीच. आणि टॉर्च वळवली तर कडेला चिलापीची गोल गोल तोंडं पाण्याबाहेर, पक पक आवाज येत होता.

त्याच दिवशी, तीच केमिकल, दुपारी 2 ला त्याच जागी तपकिरी. दिवसा शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ आणि मैल्यातले जिवाणू मिळून सगळा संपवतात. पुस्तकात होतं हे, परीक्षेत लिहिलंही होतं मी.

तोवर पहिल्या वर्षाचा पेपर छापून आला होता. पुढे नदीवरच्या एका बैठकीत कोणीतरी त्यातलं वाक्य वाचून दाखवलं की विद्यापीठाचाच अभ्यास म्हणतो ऑक्सिजन ठीक आहे. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. हात वर केला नाही. वहीत पहाटेचे आकडे होते, ती वही मांडीवर होती. का नाही केला विचाराल तर गाईड शेजारी होते, थीसिस बाकी होता, आणि भीती वाटली.

गाईडचं म्हणणं की पेपर चुकीचा नाही, सॅम्पलची वेळ पद्धतीत स्पष्ट लिहिलीये, वाचणाऱ्याने वाचावी. हे मला पटतं. मग ती मासळीची तोंडं आठवतात आणि पटत नाही. दुरुस्तीची मेल तीनदा लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलीये.

तर, मुठा मेलीये का? दुपारी नाही. पहाटे काही तास ती श्वास घेत नाही, निदान मी बघितलं त्या पट्ट्यात, उन्हाळ्यात. एका शब्दात कसं सांगू?

काका परवा भेटले. विचारत होते, तुझं पुस्तक छापलं का, त्यात पहाटंचं लिवलंस का. लिहिलंय काका, थीसिसच्या चौथ्या प्रकरणात. त्या पेपरात नाही.