रोजा, नमाज आणि दहावीचा पेपर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रमजान तोंडावर आला की दरवर्षी हा प्रश्न येतोच, कधी स्टाफरूममध्ये, कधी सोसायटीच्या लिफ्टमध्ये: "मॅडम, तुमची मुलं पाच वेळा नमाज पढणार, वर रोजे धरणार. मग अभ्यास कधी करतात?" कुर्ल्यात दहावीला गणित शिकवते, म्हणून बहुधा मलाच विचारत असावेत.

वेळेचं म्हणाल, तर पाचही नमाजांना मिळून फार तर तासभर. मोबाईल त्याहून किती तरी जास्त खातो. रोजा मात्र जड जातो, उगाच कशाला नाही म्हणू? रमजान दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे 2024 आणि 2025 मध्ये दहावीचे काही पेपर रोज्यांतच आले. उजाडायच्या आत सहरी, म्हणजे रोज्याआधीचं खाणं, अकराला पेपर, इफ्तार थेट पावणेसातला. पण फजर, म्हणजे पहाटेची नमाज, पढून पुन्हा आडवं न होण्याची सवय लागली की नळाला पाणी यायच्या आधीचा तो तास अभ्यासाला मिळतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं असली की त्या तासाचं मोल कळतं.

मला मात्र रोज्याचं मोठेपण वेगळ्याच ठिकाणी दिसतं. त्यावर सुपरवायझर नसतो. बाथरूममध्ये जाऊन दोन घोट पाणी प्यायलं तर कुणाला कळणार आहे? तरी मुलं पीत नाहीत. म्हणूनच रोजा धरून कॉपी करणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. असतात असेही, कशाला लपवू? इमाम बुखारींच्या संग्रहात एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे: जो खोटं बोलणं आणि खोटं वागणं सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही. दुसरी हदीस धान्याच्या राशीची. पैगंबरांनी बाजारात एका राशीत हात घातला, तर आत ओल लागली. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. मग ओलं धान्य वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं. आणि जो फसवतो तो आमच्यातला नाही, असं बजावलं. आमच्या पोरांना ही गोष्ट पाठ असते. चिठ्ठी सापडली की मी ओरडत नाही, "रास वरून कोरडी आहे ना रे?" एवढंच विचारते.

परीक्षेआधी काहीजण माहीमच्या दर्ग्याला जाऊन येतात. जाऊ देत. पण तिथले मखदूम अली माहिमी स्वतः गाढे विद्वान होते, कुराणावर अरबी भाष्य लिहिणारे. त्यांच्या दारात प्रमेयं न वाचता जायला जरा लाज वाटायला हवी! आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, असं पैगंबरांनीच सांगितलंय.

आणि आजारी असेल तर? अंगात ताप घेऊन रोजा धरून आलेल्या मुलीला मी घरी फोन करायला लावते. आजारी माणसाने ते रोजे नंतर भरून काढावेत, ही सवलत कुराणाच्या दुसऱ्या सूरेतच, म्हणजे अध्यायातच, आहे. काही अम्मी लगेच ऐकतात. काही मलाच सुनावतात, की मॅडम, तुम्ही गणितच शिकवा.